उजेड पाचवर

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा
टिळक रोडच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाचू नका.
बत्तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या बाईला
हे त्यांनी चिठ्ठी लिहिता लिहिता सांगितलं,
वर न बघता.

महिना संपला त्या रविवारी शर्वरी आली बाणेरहून
पाटीएवढं यंत्र घेऊन.
"आत्या, मोबाइलचा उजेड डोळ्यांत घुसतो,
ह्याचा नुसता अक्षरांवर पडतो."
मी नखानं पडदा खरवडून पाहिला.
शाई निघाली नाही.

पहिल्या रात्री अक्षरं बारकी होती,
शनिवार पेठेतल्या आमच्या छापखान्यात
शेवटच्या पानावर उरलेल्या बोटभर जागेत
शुद्धिपत्र कोंबायचो, तेवढी.
वाढवली. अजून वाढवली.
मग पानात चारच ओळी मावायला लागल्या
आणि वाक्य तिसऱ्या पानावर संपेपर्यंत
कर्ता कोण होता ते मी विसरले.
मराठीत क्रियापद शेवटी येतं,
हे यंत्र करणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

मागे आले. सहा नंबरवर थांबले.
ओळींमधलं अंतर एक घर वाढवलं,
वेलांट्यांना डोकं वर काढायला,
उकारांना पाय सोडून बसायला जागा लागतेच.
समासही रुंद केला.
कडेला कोरी पट्टी दिसल्याशिवाय
मला मजकुरावर विश्वास ठेवता येत नाही.

पान उलटताना पडदा क्षणभर काळा होतो.
आधी दचकायचे.
आता त्याच्याबरोबर मीही पापणी लववते.
डॉक्टर म्हणालेच होते,
वाचताना तुमची पापणी मिटत नाही,
म्हणून डोळे कोरडे पडतात.

किती वाचलं ते हा टक्क्यांत सांगतो.
एक्केचाळीस टक्क्यांवर 'आशिर्वाद' सापडला,
शि ऱ्हस्व.
हात आपोआप स्टुलावरच्या लाल पेनाकडे गेला.
मग नुसतं बोट दाबून धरलं शब्दावर,
तर त्यानं विचारलं, अर्थ हवा का?
अर्थ नको रे बाबा.
दीर्घ हवा.

आमच्या संसारातलं सगळ्यात जुनं भांडण
साठ वॉटचं.
सहकारनगरच्या ह्या एका खोलीत
विद्याधरला पहाटे तळजाईला जायचं असतं
आणि मला प्रकरण संपवायचं असतं.
"दिवा घालव गं" हे वाक्य
मी इतक्या वेळा ऐकलंय
की त्याच्या पुढे पूर्णविराम आहे की उद्गारचिन्ह
ते अंधारातही ओळखते.

बुधवारची रात्र.
उद्या पाणी नाही म्हणून बादल्या, पातेली, टोप सगळं भरून ठेवलेलं.
उजेड पाचवर, पिवळेपणा थोडा वर,
भिंतीवर माझी सावलीसुद्धा नाही.
भांडण मिटलं, असं मनात म्हणेपर्यंत
तो ह्या कुशीवरून त्या कुशीवर,
मग परत ह्या.
"झोपलीस?"
"वाचतेय."
"मग आवाज कसा नाही येत?"

दिव्याचा त्याला त्रास व्हायचा, तो खराच.
पण मध्यरात्री जाग आली
आणि पान उलटल्याची खसखस ऐकू आली
की तो पुढची झोप लावायचा.
एवढ्या वर्षांत ही ओळ
माझ्या नजरेतून निसटलेली.

शर्वरीला फोन केला.
उजेडाचे चोवीस नंबर आहेत म्हणाली,
पानाच्या आवाजाचा एकही नाही.
"काय करायचाय आवाज, आत्या?"
मी म्हटलं, काही नाही, सहज.

आता पान उलटलं
की नखानं मागच्या कव्हरवर
एक टिचकी मारते, हलकी.
सातव्या-आठव्या टिचकीला
घोरणं सुरू होतं.

त्यानंतरची पानं माझी.